मल्टिपल स्क्लेरोसिस आणि न्यूरोपथी दोन्ही असल्यास दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा अर्ज कुठे अडतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूवर घाव करणाऱ्या आजाराचा, नावानिशी उल्लेख आहे, हातापायांच्या नसांच्या आजाराचा, म्हणजे पेरिफेरल न्यूरोपथीचा, मात्र नाही; आणि दोन्ही आजार असलेल्यांचे अर्ज नेमके इथेच अडतात. वास्तविक याच अनुसूचीत चलनवलनाच्या दिव्यांगत्वाची जी व्याख्या आहे, तिच्यात मज्जासंस्थेच्या विकारामुळे आलेली अक्षमताही येते. त्यामुळे न्यूरोपथीने आलेली कमजोरी तपासणीत मांडता येते, पण ती कागदावर असावी लागते.

स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांगत्व प्रमाणपत्राच्या अर्जाच्या सरकारी संकेतस्थळावर, आधार, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा आणि वैद्यकीय कागद जोडून रुग्णालय निवडावे. यात फारसे अवघड काही नाही.

अडते ते न्यूरोलॉजिस्टच्या पत्रापाशी, कारण ते बहुतेकांकडे नसतेच. डिस्चार्ज कार्डावर आजाराचे नाव असते. दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाला मात्र रुग्णाला काय करता येत नाही हे पाहायचे असते. मेंदू व मज्जारज्जूवरचे घाव एमआरआयमध्ये दिसतात, बाहेरच्या नसांचे नुकसान त्यात दिसत नाही. त्यासाठी एनसीव्हीचा, म्हणजे नसांमधून संदेश किती वेगाने जातो हे मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल लागतो. कोणत्या हातापायात किती ताकद उरली आहे, तोल, दृष्टी आणि लघवीवरचे नियंत्रण कसे आहे, आधाराशिवाय किती चालता येते, हे पत्रात स्पष्ट लिहून घ्यावे. उष्णता व श्रमाने त्रास वाढतो, हेही त्यात असावे. एक ताई सकाळी मंडळासमोर दहा पावले नीट चालल्या आणि तेवढेच नोंदले गेले; दुपारी त्याच ताई भिंत धरून जिना उतरत होत्या. ते पाहून फार वाईट वाटले, कारण पत्रातली एक ओळ पुरली असती.

बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. दोन दिव्यांगत्वांचे टक्के सरळ बेरजेने मिळत नाहीत. 30 आणि 20 म्हणजे 50 असे धरून बसू नये.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये प्रकृती चढउतार करत असल्याने प्रमाणपत्र अनेकदा तात्पुरते मिळते. लोक दिल्याची तारीख पाहतात, वैधतेची पाहत नाहीत आणि पास नाकारला गेल्यावर धावाधाव करतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच करावा.

नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. याच अधिनियमाच्या कलम 58 नुसार तसे कळवणे प्राधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, मेहरबानी नव्हे. त्याच कागदाच्या आधारे कलम 59 खाली अपील करता येते, आणि राहून गेलेला एनसीव्हीचा अहवाल त्या अपिलासोबत जोडावा.