पुर्जा बसला, काम संपलं नाही: पिकअपच्या टीसीएममागचा इतिहास

सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या शेव्हरले सिल्व्हराडो किंवा जीएमसी सिएरा पिकअपचा ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गिअर कधी बदलायचा ते ठरवणारा कंप्युटर किंवा टीसीएम, बदलायचा तर अमेरिकेतल्या गॅरेजात दोन वेगळी कामं करावी लागतात. पहिलं पान्यांचं. गाडी लिफ्टवर चढवायची, ऑइल चेंबर उतरवायचा, जुना मॉड्यूल सोडवून नवा बसवायचा, ऑइल भरायचं. दुसरं काम लॅपटॉपवरचं. कंपनीच्या सर्व्हरवरून त्या गाडीच्या चासी नंबरचा प्रोग्रॅम उतरवून मॉड्यूलमध्ये भरायचा आणि मग गिअरबॉक्सला आपले क्लच नव्याने ओळखायला लावायचे. दुसरं काम राहिलं तर पहिल्याला काही किंमत नाही. नवा मॉड्यूल डब्यातून येतो तेव्हा कोरा असतो.

गिअरबॉक्सला कंप्युटर अजिबात नव्हता, तो काळ आधी पाहायला हवा. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमध्ये आला. मोठ्या संख्येने बनलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. युद्धात तो एम५ स्टुअर्ट आणि एम२४ चॅफी रणगाड्यांत बसला, आणि १९५४ पासून शेव्हरलेच्या पिकअपमध्ये पर्याय म्हणून मिळू लागला. गिअर कधी बदलायचा हा निर्णय तेव्हा ऑइलच घेत असे. बाहेर जाणाऱ्या शाफ्टबरोबर फिरणारा गव्हर्नर गाडीच्या वेगाप्रमाणे ऑइलचं प्रेशर वाढवायचा. दुसऱ्या बाजूने ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगणारं प्रेशर यायचं. व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे ऑइलच्या वाटा कोरलेला ठोकळा, त्यातल्या छोट्या दांड्यावर दोन्ही प्रेशर समोरासमोर भिडायची. वेगाचं प्रेशर जिंकलं की दांडा सरकला आणि वरचा गिअर पडला. विजेची एक तारही न वापरता हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालला. मला तरी यांत्रिक डोक्याचा याहून सुंदर नमुना गाड्यांत दुसरा दिसत नाही.

पण हिशेब सुंदर असला तरी ढोबळ होता. जनरल मोटर्सने १९८२ च्या सुमारास आणलेला ७००आर४ हा चार गिअरचा गिअरबॉक्स याचं उदाहरण. त्यात ॲक्सिलरेटरचा दाब एका केबलने गिअरबॉक्सपर्यंत पोचायचा. केबल थोडी ढिली बसली तर आतलं प्रेशर कमी पडे, क्लच घसरत, आणि बघता बघता जळून जात. कार्बोरेटर बदलताना कोणी ती केबल नीट लावली नाही आणि त्यापायी अख्खा गिअरबॉक्स गेला, असे प्रकार त्या काळच्या मेकॅनिकना पाठ होते.

यातून इलेक्ट्रॉनिक्सकडे जायला कारण झालं पेट्रोलचं. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा केला, आणि १९७९ पासून हलक्या ट्रकनाही सरासरी मायलेजची अट लागू झाली. शिवाय धुराचे नियम होतेच. इंजिनात कंप्युटर आला तो या दोन्हींमुळे. १९८१ पर्यंत जनरल मोटर्सच्या बहुतेक मोटारींत तो बसलेला होता. इंजिन इतकं मोजूनमापून चालत असताना गिअरबॉक्स मात्र केबल आणि गव्हर्नरच्या अंदाजावर, हे फार काळ टिकणारं नव्हतं. तशी कल्पना नवी नव्हती. फ्रान्सच्या रेनॉ १६ टीए मध्ये १९६९ मध्येच इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा ऑटोमॅटिक होता. अमेरिकी पिकअपमध्ये ती पोचायला वीस वर्षं लागली. फोर्डने १९८९ मध्ये एफ मालिकेत ई४ओडी आणला, जनरल मोटर्सने १९९१ मध्ये जड ट्रकसाठी ४एल८०-ई, आणि १९९३ मध्ये ७००आर४ चाच इलेक्ट्रॉनिक वारस ४एल६०-ई.

४एल६०-ई ची रचना समजली की पुढचा सगळा गुंता सोपा होतो. त्यात गिअर निवडायला दोनच सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह, आहेत. दोन्ही चालू असले की पहिला गिअर. पहिला सोलेनॉइड बंद केला की दुसरा गिअर. दोन्ही बंद म्हणजे तिसरा. आणि पहिला सोलेनॉइड पुन्हा चालू केला, दुसरा बंदच ठेवला, की चौथा गिअर. प्रेशर किती ठेवायचं हे तिसरा सोलेनॉइड ठरवतो. यातली खुबी अशी की वीज पूर्ण गेली, कंप्युटर मेला, वायर तुटली, तरी दोन्ही सोलेनॉइड बंद पडतात आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये राहते. चढावर रडतखडत का होईना, घरी पोचते. ४एल८०-ई मध्ये हेच दुसऱ्या गिअरला होतं. क्रायस्लरच्या १९८९ च्या ए६०४ गिअरबॉक्समध्येही बिघाड दिसला की गाडी दुसऱ्यात अडकायची. तो पिकअपचा नव्हता, पण क्लच झिजत जातील तसा स्वतःचा हिशेब बदलत राहण्याची पद्धत त्याने मोठ्या प्रमाणावर आणली. शिवाय भलत्या ऑइलपायी तो इतका गाजला की गिअरबॉक्सची तक्रार आली तर आधी ऑइल कुठलं ते पाहा, ही सवय अनेकांना त्यानेच लावली.

या काळात कंप्युटर बदलणं तुलनेने सोपं होतं. जनरल मोटर्सच्या पेट्रोल पिकअपमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकाच पेटीतून चालत. १९९३ ते ९५ च्या ट्रकमध्ये प्रोग्रॅम एका सुट्या चिपमध्ये असे. पेटी गेली तर जुनीतली चिप उपसायची, नवीत खोचायची, झालं. १९९६ च्या आसपास चिप गेली आणि प्रोग्रॅम वायरीतून भरला जाऊ लागला. त्याच वर्षी अमेरिकेत सगळ्या नव्या मोटारी आणि हलक्या ट्रकना ओबीडी-२, म्हणजे बिघाड ठरावीक कोडमध्ये सांगणारी सामाईक व्यवस्था, सक्तीची झाली आणि पी०७०० हा कोड घरोघरी गेला. हा कोड इतकंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलमध्ये काहीतरी नोंदलं गेलंय, तिकडे जाऊन विचारा. साध्या स्कॅनरवर तो पाहून थेट टीसीएम मागवणारे लोक आजही आहेत. निम्म्या वेळा, माझ्या मते, दोष वायरिंगमध्ये, सडलेल्या अर्थिंगमध्ये किंवा अशक्त बॅटरीत निघावा.

टीसीएम हा स्वतंत्र पुर्जा म्हणून पिकअपवाल्यांच्या तोंडी रुळला तो २००१ पासून. त्या वर्षी सिल्व्हराडो आणि सिएराच्या जड मॉडेलमध्ये ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाला ॲलिसन १००० गिअरबॉक्स जोडला गेला आणि त्याला स्वतःचा वेगळा मॉड्यूल मिळाला. तो इंजिनाच्या बाजूला, हाताला लागेल असा. गिअरबॉक्स दुरुस्त केला की स्कॅनरवरून फास्ट लर्न चालवायचं, म्हणजे तो क्लच भरायला किती ऑइल लागतं ते झटकन मोजून घेतो, ही पद्धत याच गिअरबॉक्सवर अनेक मेकॅनिक शिकले.

मग मॉड्यूल ऑइलमध्ये गेला. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ मालिकेत जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा गिअरबॉक्स होता; त्यात कंप्युटर, सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी एकत्र, गिअरबॉक्सच्या आत. जनरल मोटर्सने हीच वाट ६एल८० मध्ये धरली. २००७ च्या सिएरा डेनालीत तो होता. फायदा कारखान्याचा: वायरी आणि कनेक्टर कमी, आणि गाडीत बसण्याआधीच प्रत्येक गिअरबॉक्स आपल्या मॉड्यूलसकट तपासून घेता येतो. सोलेनॉइडमध्ये कारखान्यातून निघतानाच जे थोडंफार उणंअधिक असतं, त्याची मापंही त्याच मॉड्यूलमध्ये साठवलेली. तोटा गॅरेजचा. सर्किट बोर्ड आता नव्वद-शंभर अंशांच्या ऑइलमध्ये वर्षानुवर्षं शिजणार, आणि त्याला हात लावायचा तर चेंबर उतरवून सगळं डेक्सरॉन-६ ऑइल सांडायचं.

निसानच्या फ्रंटियर पिकअपवाल्यांनी याची किंमत वेगळ्याच मार्गाने मोजली. २००५ ते २०१० च्या मॉडेलमध्ये रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटायचा आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरायचं. तांबडं ऑइल आणि पाणी मिळून गुलाबी दुधासारखा द्रव तयार होई. क्लच तर जातच, पण टीसीएमही आत व्हॉल्व्ह बॉडीवरच असल्याने तोही भिजे. दोष रेडिएटरचा, बिल गिअरबॉक्सचं. प्रकरण कोर्टात गेलं आणि कंपनीला रेडिएटरची वॉरंटी वाढवावी लागली.

फोर्डचं उलट झालं. २०११ ते २०१३ च्या एफ-१५० मध्ये कंप्युटर बाहेर होता, पण वेग मोजणारा सेन्सर आत, लीड फ्रेम नावाच्या पट्टीत बसवलेला. तो सिग्नल अधूनमधून तुटला की कंप्युटरला वाटायचं गाडी थांबली, आणि हायवेवर भरधाव ट्रक पहिल्या गिअरमध्ये पडायचा. २०१९ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत अशा सुमारे १४ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या. उपाय काय, तर नवं सॉफ्टवेअर. २०२४ मध्ये २०१४ च्या मॉडेलच्या सुमारे ५ लाख ५० हजार गाड्यांचीही पाळी आली.

आपल्याकडे हा पुर्जा अजून फारसा ओळखीचा नाही, कारण बोलेरो पिकअपपासून बहुतेक मालवाहू गाड्यांना गिअरचा दांडाच आहे. इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स यांच्या ऑटोमॅटिक मॉडेलपुरता तो आलाय.

प्रोग्रॅमशिवाय पुर्जा मुका, हे ठरल्यावर भांडण प्रोग्रॅम कोणाकडे यावर येणारच होतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००४ च्या सुमारास धुराशी संबंधित मॉड्यूल बाहेरच्या गॅरेजलाही जे२५३४ या सामाईक उपकरणाने प्रोग्रॅम करता यायला हवेत असा नियम केला. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा प्रचंड बहुमताने मंजूर केला, आणि २०१४ मध्ये कार कंपन्यांनी तीच तत्त्वं देशभर पाळण्याचा करार केला. २०१५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने मालकाला स्वतःच्या गाडीच्या सॉफ्टवेअरचं कुलूप दुरुस्तीसाठी उघडायला कॉपीराइट कायद्यातून सूट दिली. त्यामुळे आज छोटं गॅरेजही पैसे भरून जनरल मोटर्सचा प्रोग्रॅम उतरवू शकतं. मधल्या काळात मॉड्यूलही पुन्हा बाहेर आलाय. जनरल मोटर्सच्या २०१५ पासूनच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सचा टीसीएम ऑइलबाहेर बसतो, चेंबर उतरवायची गरज राहिलेली नाही.

सोय तेवढीच. अलीकडच्या मॉड्यूलमध्ये सुरक्षेची कुलुपं आहेत, आणि एका गाडीत एकदा बांधला गेलेला मॉड्यूल दुसरीत सहसा स्वीकारला जात नाही. भंगारातला पुर्जा आणून बसवण्याचा जुना स्वस्त रस्ता त्यामुळे जवळजवळ बंद झालाय. त्याच्या जागी अमेरिकेत एक नवा धंदा उभा राहिला आहे: जुना मॉड्यूल कुरिअरने पाठवा, बोर्ड दुरुस्त करून किंवा त्यातला डेटा दुसऱ्यात उतरवून परत मिळेल, चासी नंबरसकट, म्हणजे बसवला की पुन्हा प्रोग्रॅम करायला नको. म्हणून तिथले अनुभवी मेकॅनिक नवा मॉड्यूल मागवतानाही जुना लगेच भंगारात टाकत नाहीत.