शेताचे नाव आणि माणसाचे नाव : नॉर्वेजियन शेतकरी पूर्वजाच्या शोधाची पार्श्वभूमी

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा आणि डकोटा या अमेरिकी प्रदेशांत अशी असंख्य कुटुंबे आहेत, ज्यांच्या घरात नॉर्वेहून आलेल्या एखाद्या शेतकरी पणजोबांची आठवण अजून सांगितली जाते. आठवणीच्या मानाने कागद थोडे असतात : बायबलच्या आतल्या पानावर टिपलेल्या जन्मतारखा, एखाददुसरे पत्र, जमिनीचा सरकारी दस्त आणि थडग्यावर कोरलेले नाव. शोध अडतो तो बहुतेक वेळा या शेवटच्या नावापाशीच, आणि त्याचे कारण कागद हरवले हे नसून नोंद करण्याच्या दोन निराळ्या पद्धती एकमेकींवर आदळल्या हे आहे.

या स्थलांतराची सुरुवात १८२५ च्या जुलैमध्ये स्टाव्हांगरहून निघालेल्या एका लहान गलबतापासून मोजली जाते. ते ऑक्टोबरात न्यूयॉर्कला पोहोचले. पुढच्या शंभर वर्षांत ८ लाखांहून अधिक माणसे नॉर्वे सोडून उत्तर अमेरिकेत गेली. १८४९ मध्ये ब्रिटनने नौकानयनाचे जुने निर्बंध उठवल्यावर नॉर्वेची जहाजे क्यूबेकला जाऊ लागली, कारण परतताना त्यांना तिथून इमारती लाकूड भरून आणता येई. त्यामुळे १८५० ते १८६५ या काळातल्या पूर्वजाचे नाव न्यूयॉर्कच्या प्रवासी याद्यांत शोधत बसणे बहुधा व्यर्थ ठरते.

चित्र पालटते ते १८६० च्या दशकात. ३१ डिसेंबर १८६५ ची जनगणना ही १८०१ नंतर सबंध देशात माणसांची नावे नोंदवणारी पहिलीच गणना होती. १८६७ पासून ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ओस्लो, आणि ट्रॉनहेम या बंदरांवर पोलिसांनी परदेशी निघालेल्यांची वही ठेवायला सुरुवात केली. त्यात नाव, वय, राहण्याचे ठिकाण आणि जायचे ठिकाण लिहिलेले असे. मात्र याच सुमारास शिडाच्या जहाजांची जागा आगबोटींनी घेतली आणि प्रवास दोन टप्प्यांत होऊ लागला : एका बोटीने इंग्लंडमधल्या हलपर्यंत, तिथून रेल्वेने लिव्हरपूल आणि पुढे दुसऱ्या बोटीने अटलांटिकपार. नॉर्वेतल्या वहीत दिसणारी बोट पुष्कळदा पहिल्या टप्प्याचीच असते, हे लक्षात न घेतल्याने कित्येक कुटुंबांच्या कागदांत उत्तर समुद्रातली एक छोटी बोट थेट न्यूयॉर्कला जाऊन लागलेली आहे. १८८२ हे या लाटेचे शिखर. त्या एका वर्षात २८ हजारांहून अधिक लोक गेले.

आता नावाकडे येऊ. नॉर्वेच्या ग्रामीण भागात १९२३ च्या कायद्यापर्यंत कायमचे, पिढ्यान्‌पिढ्या चालणारे आडनाव सक्तीचे नव्हते. हान्सचा मुलगा ओले असेल तर तो ओले हान्सेन, त्याची बहीण हान्सदात्तर आणि ओलेची मुले ओल्सेन. या नावापुढे शेताचे नाव लागे, समजा बाक्केन. हे शेताचे नाव म्हणजे त्या घडीचा पत्ता होता. माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की नाव बदले. लग्नानंतर बायकोच्या शेतावर राहायला गेलेला घरजावई तिच्या शेताचे नाव लावी. आपल्याकडे कोकणातला किंवा गोव्यातला माणूस गाव सोडून चार पिढ्या लोटल्या तरी ‘कर’ लावलेले गावाचे नाव सोडत नाही. तिथे नेमके उलट होते. म्हणून एकाच माणसाच्या बाप्तिस्म्याला एक शेत, दृढीकरणाच्या (किशोरवयात चर्चमध्ये श्रद्धा जाहीर करण्याच्या विधीच्या) वेळी दुसरे आणि लग्नाला तिसरे लिहिलेले आढळले, तर ती चूक नसते आणि ती तीन माणसेही नसतात.

अमेरिकेत मात्र शेजारी, पोस्टमास्तर आणि जमीन कचेरी या सर्वांनाच एक पक्के आडनाव हवे होते. कुणी बापाच्या नावावरून पडलेले नाव कायम केले, कुणी शेताचे घेतले आणि कुणी दोन्ही सोडून इंग्रजी वळणाचे काहीतरी निवडले. सख्ख्या भावांनी वेगवेगळी आडनावे घेतल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. त्यातूनच वंशावळ लिहिणाऱ्यांमधला सर्वांत चिवट वाद उभा राहिला : नॉर्वेत जन्मलेल्या पूर्वजाच्या आडनावाच्या रकान्यात शेताचे नाव लिहावे की नाही?

लिहावे असे म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. एकेका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या परिसरात, ओले हान्सेन कितीतरी असत, त्यांना वेगळे ओळखायला शेताचाच आधार होता आणि पाद्रीसुद्धा नोंदवहीत नावापुढे शेत लिहीतच असे. शिवाय वंशजांनी आज तेच नाव लावलेले आहे. तरीही हा रकाना शेताच्या नावाने भरणे घातक आहे, असे नोंदी पाहिल्यावर स्पष्टपणे म्हणावे लागते. आडनाव म्हणून लिहिलेले शेत मागे मागे ढकलले जाते आणि आजोबा-पणजोबांनाही तेच चिकटते. प्रत्यक्षात आजोबा डोंगरापलीकडच्या शेतावर जन्मलेले असू शकतात. दुसरे असे की एका नावाच्या शेताचे अनेक वाटे पडलेले असत आणि त्यांवर एकमेकांशी काडीचेही नाते नसलेली कुटुंबे नांदत. १८३८ च्या आणि पुढे १८८६ च्या महसूल नोंदणीतले क्रमांक म्हणूनच मोलाचे आहेत. १८८६ च्या पद्धतीत मूळ शेताला एक आणि वाट्याला दुसरा क्रमांक मिळाला, आणि त्यावरून कोणते बाक्केन हे नक्की सांगता येते.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो हुसमन लोकांवर. मालकाच्या शेतावर राबून त्याच्याच जमिनीच्या कडेला झोपडे आणि छोटा तुकडा कसणारे हे लोक अमेरिकेला गेलेल्यांत मोठ्या संख्येने होते. कारण शेत थोरल्या मुलाकडे जाई आणि धाकट्यांच्या, राबणाऱ्यांच्या वाट्याला जमीन येण्याची आशा फारशी नसे. अशा माणसाने अमेरिकेत शेताचे नाव लावले आणि त्याच्या पणतवंडांनी त्या परिसराचा शेतनिहाय इतिहासग्रंथ उघडला, की त्यांना तिथे मालकांची सलग यादी सापडते आणि ते आनंदाने तिच्यात आपल्या माणसाला बसवतात. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे शेत कसले त्याला मेल्यावर मालकाच्या वंशात घालून त्याचे खरे आईबाप पुसून टाकले जातात. नावाच्या रकान्यात बापाच्या नावावरून पडलेले नाव, आणि शेत मात्र प्रत्येक घटनेच्या तारखेसह ठिकाणाच्या रकान्यात, एवढे पाळले तर हे टळते.

पाद्र्यांच्या वह्यांतली सर्वांत उपयोगी नोंद बाप्तिस्म्याची नव्हे, दृढीकरणाची असते. १७३६ पासून हा विधी सक्तीचा होता. साधारण पंधराव्या वर्षाच्या या नोंदीत मुलाची जन्मतारीख, आईबाप, राहण्याचे शेत, धर्मज्ञानाबद्दल आणि वर्तनाबद्दल शेरा, आणि १८१० नंतर देवीची लस कधी टोचली हेही सापडते. १८६५ च्या जनगणनेत तर माणसांच्या शेजारीच घोडे, गाई, मेंढ्या, शेळ्या आणि पेरलेले बार्ली, ओट व बटाटे यांचे माप आहे. तिथले वय मात्र चालू वर्ष धरून लिहिलेले असल्याने ते १८६६ मधून वजा करायचे असते. १८८० च्या अमेरिकी शेती-गणनेच्या तक्त्यात तोच माणूस सापडला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर दोन गाई आणि थोडी बटाट्यांची पेरणी यांवरून तो गव्हाच्या सलग शेतापर्यंत कसा आला हे आकड्यांतच वाचता येते.

अमेरिकी बाजूचा सर्वांत भरगच्च कागद म्हणजे वस्ती करणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याखालचे प्रकरण. १६० एकर मिळवायला पाच वर्षे राहून जमीन कसावी लागे, आणि अर्जदार नागरिक नसेल तर नागरिक होण्याचा इरादा आधी जाहीर करावा लागे. शेवटच्या पुराव्याच्या वेळी त्याला घर किती लांबरुंद आहे, किती एकर नांगरले, काय पिकवले, मुले किती, असे प्रश्न विचारले जात आणि शेजारी साक्ष देत. साक्षीदार पुष्कळदा त्याच पॅरिशमधून आलेले असतात. पूर्वजाच्या स्वतःच्या नावावरून वाट सापडत नसेल तेव्हा साक्षीदाराच्या गावावरून ती सापडण्याचा बराच संभव असतो. १८९० च्या जनगणनेचा बहुतांश भाग १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाल्याने या प्रकरणांचे महत्त्व आणखी वाढते.

ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. १८५१ च्या करारांनी डकोटा या मूळ रहिवासी लोकांकडून दक्षिण मिनेसोटातला विस्तीर्ण प्रदेश काढून घेतला गेला, आणि डकोटा आणि अमेरिकी सरकार यांच्यातल्या १८६२ च्या युद्धानंतर पुढच्या वर्षी त्यांना त्या राज्यातून हाकलण्यात आले. कौटुंबिक इतिहासांत वसाहतकऱ्यांवरच्या हल्ल्यांचे वर्णन असते, पण करारांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

गेल्या पंचवीस वर्षांत नॉर्वेतल्या चर्चच्या वह्या आणि जनगणना यांच्या प्रतिमा विनामूल्य पाहता येऊ लागल्या आहेत. जनगणना शंभर वर्षांनी खुली होते, म्हणून १९१० ची २०१० मध्ये आणि १९२० ची २०२० मध्ये उघडली. स्थलांतरिताचे मागे राहिलेले भाऊ त्यांत सापडू शकतात. जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांची सूची स्वयंसेवकांनी मोठ्या कष्टाने केली आहे, पण तिच्यात वाचनाच्या चुका राहतातच आणि इंग्रजीत æ, ø, å ही विशेष नॉर्वेजियन अक्षरे गळून पडल्याने शेताचे नाव ओळखू येत नाही. अशा वेळी सूचीवर न थांबता मूळ पान उघडावे, आणि तेही पुसट असेल तर चर्चच्या कारकुनाने ठेवलेली दुसरी प्रत मागवावी. एकोणिसाव्या शतकात अनेक पॅरिशमध्ये या दोन वह्या जाणीवपूर्वक वेगवेगळ्या छपराखाली ठेवल्या जात.