लूथरनं ग्रीक-लॅटिन खरंच बुडवलं का?

‘प्रोटेस्टंटांनी बायबल हाती घेतलं आणि ॲरिस्टॉटल-सिसेरोसारख्या ग्रीक-रोमन विचारवंतांना अडगळीत टाकलं,’ हे इतक्यांदा ऐकू येतं की खरंच वाटू लागतं. पण तसं घडलं नाही.

या समजाचं मूळ कॅथलिक चर्चपासून फुटून प्रोटेस्टंट पंथाला सुरुवात करणाऱ्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या तिखट जिभेत आहे. १५२० मध्ये विद्यापीठांतून ॲरिस्टॉटलचे भौतिकी, तत्त्वमीमांसा, आत्मा आणि नीती यांवरचे ग्रंथ काढून टाका, असं त्यानं लिहिलं. लोक इथंच वाचायचं थांबतात. पुढेच तो म्हणतो, ॲरिस्टॉटलचे तर्क, वक्तृत्व आणि काव्य यांवरचे ग्रंथ ठेवा. म्हणजे राग होता तो धर्मशास्त्रात घुसलेल्या ॲरिस्टॉटलवर.

१५२४ मध्ये त्यानं जर्मन शहरांच्या नगरसभांना शाळा काढा, भाषा शिकवा, असं कळकळीनं सांगितलं. ग्रीक-हिब्रूशिवाय मूळ बायबल वाचणार कसं? लूथरच्या विटेनबर्ग विद्यापीठात त्याचा उजवा हात मेलांख्थॉन हा तर ग्रीकचाच प्राध्यापक. १५१८ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी तिथं आलेला. दुसरा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन याचं पहिलं पुस्तक (१५३२) रोमन तत्त्वज्ञ सेनेकावरचं भाष्य होतं. स्विस सुधारक त्स्विंग्लीनं तर स्वर्गात ख्रिस्ती नसलेल्या सॉक्रेटिसलाच नव्हे, ग्रीक पुराणकथांतल्या हर्क्युलिसलाही जागा दिली! लूथर त्यावर भडकला, ते वेगळं.

आणि खुद्द लूथर? १५४६ मध्ये मृत्यूच्या दोनच दिवस आधी त्यानं एक चिठ्ठी लिहिली. पाच वर्षं मेंढपाळ झाल्याशिवाय रोमन कवी व्हर्जिलची गोपगीतं कुणाला कळायची नाहीत, अशी तिची सुरुवात आहे.