जेवणानंतरची साखर कमी दिसणे आणि मधुमेह आटोक्यात असणे: व्हिनेगरच्या बाटलीभोवतीचा घोळ

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत अहवाल हातात देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि अलीकडे खिडकीपाशी एक प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की समोरच्याने तोंड उघडण्याआधीच तो ओळखू येतो. मागच्या महिन्यात एक काकू आल्या. दुपारच्या जेवणाआधी पेलाभर पाण्यात दोन चमचे ॲपल सायडर व्हिनेगर घेण्याचा त्यांचा नेम चार महिने सुरू होता. जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आलेले आकडे त्यांनी कालनिर्णयच्या चौकोनांत बारीक अक्षरांत लिहिले होते. पूर्वी १९० च्या पुढे जाणारी साखर आता १५०-१६० वर येत होती. "मग ही तीन महिन्यांची ८.१ कशी? तुमच्याकडे नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना?" असे त्यांनी विचारले. अदलाबदल झाली नव्हती. त्यांचे यंत्रही बरोबर होते आणि आमचा अहवालही. बोलता बोलता कळले की, 'आता साखर नीट येते' म्हणून त्यांनी मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाची रात्रीची गोळी स्वतःच्या मनाने अर्धी केली होती.

पुढे जाण्याआधी बाजारातला एक वाद दोन वाक्यांत मिटवतो. सफरचंदाचे, उसाचे, गोव्यात माडाच्या सुरेपासून करतात ते, किंवा चायनीजच्या गाडीवर मिरच्या बुडवलेले पांढरे, कोणतेही व्हिनेगर घेतले तरी साखरेच्या बाबतीत काम करते ते त्यातले ॲसेटिक ॲसिड, आणि ते साधारण चार ते सहा टक्के असते. बाटलीच्या तळाशी बसणाऱ्या गढूळ 'मदर'साठी चौपट पैसे मोजायचे असतील तर खुशाल मोजावेत; मात्र ते साखरेसाठी मोजतो आहोत, असे समजू नये.

खरा घोळ दुसराच आहे. मराठी घरांत 'साखर' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या आकड्यांसाठी वापरला जातो: उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे काकूंनी विचारलेली ती 'तीन महिन्यांची'. यांपैकी जेवणानंतरची साखर बहुतेकांना नीट ठाऊक असते, कारण ती घरी मोजता येते आणि खाल्लेल्या पदार्थाशी तिचा संबंध सरळ दिसतो. भात खाल्ला की चढते, चालून आले की उतरते. व्हिनेगर काम करते ते याच आकड्यावर, आणि तेथे ते खरोखर काम करते. जे लोक त्याला सरसकट थोतांड म्हणतात त्यांच्याशीही माझे पटत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठात कॅरल जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये केलेल्या प्रयोगात २० ग्रॅम ॲपल सायडर व्हिनेगर पाण्यातून देऊन नंतर बेगल हा मैद्याचा पाव, लोणी आणि संत्र्याचा रस असे पिष्ट-शर्करेने भरलेले जेवण दिले होते. इन्शुलिनला शरीराने दिलेला प्रतिसाद इन्शुलिन-रोध असलेल्यांत, म्हणजे ज्यांचे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही त्यांच्यात, ३४ टक्क्यांनी आणि मधुमेहींत १९ टक्क्यांनी सुधारला. स्वीडनमध्ये २००५ साली १२ निरोगी व्यक्तींना पांढऱ्या पावाबरोबर व्हिनेगर दिले, तेव्हाही साखरेची चढण कमी झाली आणि पोट भरल्याची भावना वाढली.

हे कशामुळे होते, ते कळले की पुढचा गुंता आपोआप सुटतो. आम्लामुळे जठर रिकामे होण्याची गती मंदावते, त्यामुळे पिठूळ अन्न आतड्यात हळूहळू उतरते. शिवाय तेथे पिष्टाचे तुकडे करणाऱ्या विकरांचे (एन्झाइमांचे) कामही काहीसे थंडावत असावे. म्हणजे व्हिनेगर रक्तातल्या साखरेला हात लावत नाही, ते पोटातून रक्ताकडे निघालेल्या साखरेला वाटेत थोडे रेंगाळवते. म्हणूनच पिष्टाऐवजी थेट ग्लुकोजचे द्रावण पाजून मधुमेहींवर प्रयोग केला, तेव्हा व्हिनेगरचा उपयोग झाला नाही, कारण तेथे पचवायचे काही उरलेच नव्हते. ग्रीसमधल्या एका अभ्यासात तर मधुमेहींच्या लवकर साखर होणाऱ्या जेवणाबरोबर ते उपयोगी पडले, आणि सावकाश पचणाऱ्या जेवणाबरोबर पडले नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर साबुदाण्याच्या खिचडीआधी त्याला काही अर्थ असेल. मटकीच्या उसळीआधी फारसा नाही.

आणि सकाळी उठल्याउठल्या, चहाच्याही आधी, अनशापोटी व्हिनेगर पिऊन मग दोन तास काहीच न खाणाऱ्यांना काय म्हणावे ते मला अजून सुचलेले नाही. ज्या अन्नाला रेंगाळवायचे ते पोटात असायला तर हवे!

आता उपाशीपोटीच्या साखरेकडे येऊ. रात्री नऊला जेवलेल्या माणसाची सकाळी सातची साखर १५० असते, तेव्हा ती रात्रीच्या पोळीची नसते. ती यकृताने रात्रभर तयार करून रक्तात सोडलेली असते. निरोगी माणसात इन्शुलिन यकृताला 'पुरे' असे सांगते आणि यकृत ते ऐकते. टाइप २ मधुमेहात यकृत ऐकेनासे होते. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः यकृताच्या या अतिरिक्त उत्पादनावर काम करते. दुपारच्या जेवणाआधी घेतलेले व्हिनेगर पहाटेच्या यकृतापर्यंत पोहोचत नाही. झोपताना दोन मोठे चमचे व्हिनेगर देऊन पाहिलेला २००७ चा एक छोटा प्रयोग आहे. त्यात ११ मधुमेहींची सकाळची साखर सरासरी चार टक्क्यांनी उतरली. दीडशेवर चार टक्के म्हणजे सहा. इतका फरक तर घरच्या ग्लुकोमीटरवर एकाच बोटाच्या दोन थेंबांतही दिसतो.

एचबीए१सी हा तिसरा आकडा. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर चिकटत राहते, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सर्व तासांची जमा सांगतो. झोपेचे तास त्यात आले आणि मुलाच्या साखरपुड्याची संध्याकाळही आली. काकूंचा ८.१ म्हणजे सरासरी सुमारे १८६. आता कागदावर हिशेब करून पाहावा. दुपारच्या जेवणानंतरची साखर व्हिनेगरमुळे पूर्ण दोन तास ३० अंकांनी खाली राहिली असे उदारपणे धरले, तर ३० गुणिले २ भागिले २४, म्हणजे दिवसाच्या सरासरीत अडीच अंकांची घट. एचबीए१सीचा एक टक्का सरासरीच्या सुमारे २९ अंकांइतका असतो, तेव्हा ही घट ०.१ टक्क्याच्याही आतली झाली. तिन्ही जेवणांआधी नेमाने घेतले तरी पाव टक्का. एकीकडे हा पाव टक्का मिळवायचा, तोही उदार हिशेबाने, आणि दुसरीकडे पूर्ण मात्रेत एक टक्क्याच्या आसपास उतार देऊ शकणारी मेटफॉर्मिनची गोळी अर्धी करायची, हा व्यवहार वाण्याच्या दुकानात आपण कधीच केला नसता.

कालनिर्णयवरचे आकडे खोटे नव्हते, पण ते दिवसाच्या नेमक्या त्या क्षणाचे होते जेथे व्हिनेगरचा परिणाम पडतो. सकाळची साखर त्यांनी चार महिन्यांत एकदाही मोजली नव्हती. 'सकाळी कशाला, तेव्हा कुठे काही खाल्लेलं असतं,' हे त्यावरचे त्यांचे उत्तर, आणि सगळा घोळ या एका उत्तरात आहे.

व्हिनेगर घ्यायचेच असेल तर माझे मत स्पष्ट आहे: ते काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीत घालून जेवणाच्या सुरुवातीला खावे. पेल्यातून घोट घेतल्याने दातांवरचे आवरण झिजते आणि नुसते प्यायल्यास घसा पोळतो. आंबटपणाच हवा असेल तर वरणभातावर लिंबू पिळायला काय हरकत आहे? पावाबरोबर लिंबाचा रस दिलेल्या फ्रान्समधल्या एका प्रयोगात साखरेचे शिखर सुमारे ३० टक्क्यांनी खाली आले होते. व्हिनेगरच्या गोड गोळ्या, म्हणजे गमी, मधुमेह्याने कशासाठी चघळाव्यात हे मला समजत नाही. वजन आणि साखर दोन्ही उतरल्याचे सांगणारा लेबनॉनमधला २०२४ चा जो अभ्यास मोबाइलवर अजून फिरतो आहे, तो ज्या नियतकालिकात छापला गेला होता त्याने २०२५ मध्ये मागे घेतला; त्यातल्या आकडेवारीवर भरवसा ठेवता येत नव्हता. मागे घेतल्याची बातमी मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

ज्यांचा मधुमेह जुना आहे आणि ज्यांच्या जठराच्या नसाच मंदावल्या आहेत, त्यांच्या बाबतीत हेच रेंगाळणे उलटते. जठर आधीच संथ झालेल्या दहा टाइप १ मधुमेहींना स्वीडनमध्ये दोन आठवडे रोज ३० मिलिलिटर ॲपल सायडर व्हिनेगर दिले, तेव्हा त्यांचे जठर आणखी संथ झाले. असा माणूस जेवणाआधी इन्शुलिन टोचून घेतो, इन्शुलिन ठरल्या वेळी कामाला लागते, आणि भात मात्र अजून पोटातच असतो. मग पानावर बसल्याबसल्या हात थरथरू लागतात, घाम फुटतो आणि घरचे साखरेचा डबा शोधत धावतात.