फोन कितीचा? रॅम आणि स्टोरेजमधला घोळ

‘फोन कितीचा घेतलास?’ ‘एकशे अठ्ठावीसचा.’ हा आकडा स्टोरेजचा. फोटो, व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरचे गुड मॉर्निंग साठतात ते इथे. हे सगळ्यांना ठाऊक आहे.

गल्लत होते ती रॅमची. फोन अडकायला लागला की घरातलं कुणीतरी सांगतंच, ‘फोटो उडव.’ स्टोरेज काठोकाठ भरलं असेल तर त्याने थोडा फरक पडतो, पण रॅम तसूभरही वाढत नाही. उघडी ॲप्स जिथे चालतात ती जागा म्हणजे रॅम. फोन बंद केला की ती पुसली जाते. ती कमी पडली की काय होतं ते आईच्या 4 जीबी रॅमच्या फोनवर पाहिलं. दिवाळीला गावी जायचं तिकीट काढत होते. चौघांची नावं, वयं भरली, ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेले आणि परत आले तर ॲप पहिल्यापासून उघडत होतं, फॉर्म कोरा. रॅम मोकळी करायला अँड्रॉइडने मागचं ॲपच बंद केलं होतं. स्टोरेज मात्र निम्म्याहून जास्त रिकामं!

आणि आता खोक्यावर ठळक ‘16 जीबी रॅम’ छापतात, खाली बारीक अक्षरात ‘8+8’. ही दुसरी आठ रॅम नव्हेच. स्टोरेजचा तुकडा उसना घेऊन वापरात नसलेल्या ॲप्सचा पसारा तिथे हलवतात. स्वस्त फोनमधलं ईएमएमसी 5.1 स्टोरेज कागदावरसुद्धा सेकंदाला 400 एमबीपुढे जात नाही. साध्या फोनमधली एलपीडीडीआर4एक्स रॅम सेकंदाला 17 जीबीच्या आसपास जाते. शिवाय तेवढं स्टोरेजही कमी होतं. ही निव्वळ दिशाभूल आहे. मी घरातल्या प्रत्येक फोनमध्ये ती सोय बंद करते.

एकाच किमतीत 6+256 आणि 8+128 (आधी रॅम, मग स्टोरेज) समोर आले तर मी डोळे झाकून 8+128 घेईन. फोटो कॉम्प्युटरवर काढून ठेवता येतात, कार्डाची खाच असेल तर उत्तमच. रॅम मात्र बोर्डावरच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. सतत व्हिडिओ काढणाऱ्यांनी 256 जरूर घ्यावं. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: खरी रॅम किती, आणि स्टोरेज यूएफएस (म्हणजे वेगवान प्रकारचं) आहे की ईएमएमसी.