पेशींची हद्द कायम करताना

माझे बाबा भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. पनवेल तालुक्यातल्या शेतांच्या बांधांवरून साखळी ओढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गेल्या मे महिन्यात ते खारघरला माझ्याकडे राहायला आले होते. मी लॅपटॉपवर निळसर ठिपक्यांभोवती पेनने रेघ ओढत बसले होते. बराच वेळ मागे उभं राहून त्यांनी विचारलं, "ही हद्द ठरवली कुणी?"

ते ठिपके म्हणजे पेशींची केंद्रकं होती आणि हद्द मीच ठरवत होते. दोन वर्षं हे काम करतेय, पण हा प्रश्न इतक्या थेट कुणी विचारला नव्हता.

आधी ही चित्रं कशी निघतात ते सांगते. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून घेतात आणि त्याहून जास्त तरंगलांबीचा, म्हणजे वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या गुणधर्माचा अभ्यास मांडला. पुस्तकात त्याला प्रतिदीप्ती म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे फ्लुओरेसन्सच म्हणतात. डॅपी नावाचा एक रंग डीएनएला चिकटतो. मग तो ३५८ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतो आणि ४६१ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश देतो. सूक्ष्मदर्शकातला फिल्टर मूळ प्रकाश अडवतो आणि निळा तेवढा पुढे सोडतो. डीएनए मुख्यतः केंद्रकात असतो, म्हणून काळ्याकुट्ट अंधारात फक्त केंद्रकं उजळून दिसतात.

बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं की यातला कॅमेरा कृष्णधवल असतो. तो प्रकाश किती आला एवढंच मोजतो, निळा रंग नंतर संगणक भरतो. माझ्या एका चित्रात २०४८ गुणिले २०४८, म्हणजे जवळजवळ ४२ लाख पिक्सेल असतात आणि प्रत्येक पिक्सेल म्हणजे ० ते ६५,५३५ यांमधला एक आकडा. तुम्हाआम्हाला दिसतं ते केंद्रक, संगणकासमोर असतं ते आकड्यांचं भलंमोठं कोष्टक.

या कोष्टकाच्या जोडीला आम्ही दुसरं, तेवढ्याच मापाचं कोष्टक तयार करतो. त्याला मास्क म्हणतात. रिकाम्या जागेच्या प्रत्येक पिक्सेलला ०, पहिल्या केंद्रकातल्या प्रत्येक पिक्सेलला १, दुसऱ्यातल्या प्रत्येकाला २, असं पुढे. बाबांना हे एका दमात कळलं. "म्हणजे गट नंबर," ते म्हणाले. अगदी तेच. मूळ चित्र म्हणजे जमीन, मास्क म्हणजे तिचा गटनकाशा. नकाशा झाला की प्रत्येक गटाचं क्षेत्रफळ काढता येतं, त्यात काय पिकलंय तेही मोजता येतं.

पिकाचंच सांगते, कारण सगळा जीव तिथे अडकलेला असतो. खारघरला टाटा स्मारक केंद्राचा ॲक्ट्रेक हा कर्करोगावरच्या उपचार-संशोधनाचा परिसर आहे, त्यामुळे रेडिएशन हा शब्द इथल्या रिक्षावाल्यांनाही ओळखीचा आहे. क्ष-किरणांचा १ ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांची मात्रा मोजायचं एकक) एवढा मारा झाला, तर एका पेशीत डीएनएचे दोन्ही धागे साधारण २० ते ४० ठिकाणी तुटतात. तुटलेल्या जागेच्या आजूबाजूला एचटूएएक्स नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटची खूण उमटते, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. त्या खुणेला चिकटणारं प्रतिपिंड हिरव्या फ्लुओरेसंट रंगासह सोडलं, की केंद्रकात हिरवे ठिपके दिसतात. ते मोजले की इजेचा अंदाज येतो, आणि काही तासांनी पुन्हा मोजले की पेशीने किती दुरुस्ती केली तेही कळतं.

पण कुठला ठिपका कुठल्या केंद्रकातला? ते मास्क सांगतो. दोन केंद्रकं एकमेकांना चिकटून बसली आहेत, एकात १८ ठिपके आहेत, दुसऱ्यात २०. मास्कने दोघांना एकच गट नंबर दिला, तर कागदावर ३८ ठिपक्यांची एक पेशी येते, दुप्पट मार खाल्लेली. अशी पेशी त्या काचपट्टीवर कुठेच नसते.

मास्क काढायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक उंबरठा ठरवायचा. अमुक आकड्याच्या वरचे पिक्सेल केंद्रक, खालचे अंधार. हा आकडा डोळ्यांच्या अंदाजाने न ठरवता गणिताने ठरवायची पद्धत जपानच्या नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ मध्ये दिली. पिक्सेलचे उजळ आणि अंधारे असे दोन गट पाडायचे, आणि दोन्ही गटांच्या आतला विस्कळीतपणा मिळून कमीत कमी होईल असा आकडा निवडायचा. पद्धत सुंदर आहे. मात्र प्रकाश मधे जास्त आणि कोपऱ्यात कमी पडला असेल, तर एकच उंबरठा सगळ्या चित्राला पुरत नाही. कोपऱ्यातली केंद्रकं गळतात आणि मधली फुगतात. म्हणून आधी पार्श्वभूमीचा उजेड वजा करावा लागतो.

चिकटलेल्या केंद्रकांसाठी त्याच १९७९ साली फ्रान्समध्ये सर्ज ब्यूशे आणि क्रिस्तियाँ लांत्युएजूल यांनी वॉटरशेड पद्धत मांडली. ज्याने पावसाळ्यात भाताची खाचरं भरताना पाहिली आहेत त्याला ती समजावून सांगावीच लागत नाही. प्रत्येक केंद्रक म्हणजे खळगा, कडेला उथळ आणि मध्यभागी खोल. तळापासून पाणी चढवत न्यायचं. शेजारच्या दोन खळग्यांतली पाणी जिथे एकमेकांना भिडतील तिथे बांध घालायचा. त्या बांधाने दोन केंद्रकं वेगळी होतात. केंद्रक ओबडधोबड असलं तर मात्र त्याच्या पोटात दोनतीन खळगे निघतात आणि एकाच शेताचे विनाकारण तुकडे पडतात. कर्करोगाच्या पेशींची केंद्रकं ओबडधोबडच असतात.

आता बहुतेक जण शिकवलेली मॉडेल, म्हणजे हाताने आखलेली उदाहरणं दाखवून तयार केलेले संगणक प्रोग्रॅम, वापरतात. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात २०१५ मध्ये यू-नेट नावाचं मॉडेल तयार झालं. त्यातली मला फार आवडलेली गोष्ट अशी, की शिकवताना दोन पेशींमधल्या चिंचोळ्या फटीतल्या पिक्सेलना जास्त वजन दिलं होतं. तिथे चूक झाली तर शिक्षा मोठी, म्हणून मॉडेल बांधाकडे नीट लक्ष द्यायला शिकलं. पुढे २०१८ मध्ये स्टारडिस्ट आलं. ते केंद्रकातल्या पिक्सेलपासून चहूबाजूंना कड किती दूर आहे ते मोजतं. नंतरचं सेलपोज ७० हजारांहून अधिक हाताने आखलेल्या आकृत्यांवर शिकलेलं होतं.

मग मी रेघा कशाला ओढत बसते? कारण मॉडेलला जे दाखवलं तेवढंच त्याला येतं. गोल, सुट्या केंद्रकांवर शिकलेल्या मॉडेलसमोर माझ्याकडचे कर्करोगाच्या गाठींचे काप ठेवले, की शेजारी पडलेलं छोटं सूक्ष्मकेंद्रक ते कचरा म्हणून टाकून देतं. माझ्यासाठी तेच महत्त्वाचं असतं. आपल्या नमुन्यांचे मास्क आपण काढायचे आणि तयार मॉडेलला त्यावर थोडं पुढे शिकवायचं, हा उपाय उरतो. काम वाटतं तेवढं अवाढव्यही नाही. मॉडेलने आखायचं, माणसाने चुका दुरुस्त करायच्या, त्यावर मॉडेलने पुन्हा शिकायचं, असं आळीपाळीने केलं तर १०० ते २०० आकृत्या पुरतात, हे सेलपोजच्या २०२२ मधल्या आवृत्तीने दाखवून दिलं.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. केंद्रकाची कड ही रेघ नसतेच. प्रकाशाने पाहताना साधारण २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, ही मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये सांगितली. म्हणून उजेड एकदम संपत नाही, उतरत उतरत संपतो. त्या उतारावर रेघ कुठे मारायची? उजेड निम्म्यावर येतो तिथे, असा मी नियम केला आहे. शिवाय पडद्यावरचा उजळपणा सगळ्या चित्रांना एकच ठेवते, कारण तो वाढवला की तेच केंद्रक डोळ्याला मोठं दिसतं आणि हात आपोआप बाहेरून फिरतो.

एक पिक्सेल इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं, असं पूर्वी मलाही वाटायचं. ३० पिक्सेल रुंदीचं गोल केंद्रक घ्या. रेघ सगळीकडून एकच पिक्सेल आत घेतली, तर त्रिज्या १५ वरून १४ होते आणि क्षेत्रफळ १३ टक्क्यांनी घटतं. बाबा म्हणाले, "बांध कोरणारे असंच करतात. दरवर्षी नांगराचं एक तास."

एक चूक मला फार महागात पडली, ती नवख्यांसाठी सांगते. मास्क चित्रापेक्षा लहान मापाचा निघाला म्हणून मी तो फोटो मोठा करतात तसा मोठा केला. फोटो मोठा करताना संगणक शेजारच्या आकड्यांची सरासरी भरतो. ४ आणि ८ नंबरची केंद्रकं जिथे चिकटली होती, तिथे मधोमध ६ नंबरच्या पिक्सेलची पट्टी उगवली, आणि ६ नंबरचं खरं केंद्रक चित्राच्या दुसऱ्या टोकाला होतं. दोन आठवड्यांची मोजणी पुन्हा करावी लागली. मास्क मोठा करताना सर्वांत जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा उचलायचा, सरासरी कधीही नाही. तो ८ बिटमध्ये साठवू नये, कारण त्यात २५५ च्या पुढचे नंबर मावतच नाहीत. जेपेगमध्ये तर मुळीच नको, तिथे आकडेच बदलतात.

त्या दिवशी बाबांनी विभाजन होत असलेल्या एका पेशीवर बोट ठेवलं. गुणसूत्रांचे दोन गठ्ठे एकमेकांपासून दूर सरकत होते. "याची खातेफोड झाली का?" माझ्या नियमांच्या वहीत याबद्दल काहीच नव्हतं. कधी मी एक नंबर दिला होता, कधी दोन. जुनी चित्रं उघडून पाहिली तेव्हा ते लक्षात आलं. दोन्ही गठ्ठ्यांच्या मधे पूर्ण अंधाराची पट्टी दिसली तर दोन, नाहीतर एक, असं आम्ही त्या दुपारी ठरवलं आणि वहीत तारखेसह लिहिलं.

पुढच्या आठवड्यात माझी सहकारी तीच वही घेऊन, माझे मास्क न बघता, मी आखलेल्या १२ चित्रांवर स्वतःचे मास्क काढणार आहे. मग आमच्या आकृत्या एकमेकींवर ठेवू. दोघींमध्ये सामाईक असलेले पिक्सेल भागिले दोघींचे मिळून सगळे पिक्सेल, असं गुणोत्तर प्रत्येक केंद्रकासाठी काढू. जिथे ते घसरेल ती केंद्रकं शेजारी बसून पुन्हा पाहू. ही १२ चित्रं मॉडेलला शिकवताना दाखवायची नाहीत, ती परीक्षेसाठी बाजूला ठेवली आहेत.