‘इथे फक्त कोड पाहतात’ हा गैरसमज

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्यात, कोडच बोलतो, स्त्रिया कमी दिसतात कारण त्यांनाच रस नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

गिट या कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या साधनात प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, नाव आणि ईमेल नोंदलं जातं. पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल प्रकल्पात घ्यावा ही विनंती, उघडली की कोडआधी नाव आणि फोटोच दिसतो. असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहब या संकेतस्थळावरच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात स्त्रियांच्या सुमारे ७९ टक्के पुल रिक्वेस्ट स्वीकारल्या गेल्या, पुरुषांच्या ७५. म्हणजे दर्जाचा प्रश्नच नव्हता. पण प्रकल्पात नवख्या स्त्रीचं लिंग प्रोफाइलवरून ओळखू आलं, की तिच्या स्वीकृतीचं प्रमाण पुरुषांच्या खाली घसरलं. हे खरोखर चीड आणणारं आहे.

शिवाय बग तपासणं, भाषांतर जुळवणं, नवख्यांना उत्तरं देणं ही कामं कमिटच्या आकड्यात येतच नाहीत. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, मात्र अनेकदा त्याच आकड्यावरून निवडले जातात.

हे बदलायचं तर, प्रकल्प सांभाळणाऱ्यांनो, स्वीकृतीचे निकष कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये, म्हणजे योगदान कसं द्यायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, आधीच लिहा. रिव्ह्यू, म्हणजे आलेला कोड तपासण्याचं काम, पाळीपाळीने वाटा, नाहीतर ओळखीच्या नावांनाच आधी उत्तर मिळतं. नकार देताना कोडमधली नेमकी ओळ आणि कारण द्या. आचारसंहितेत तक्रार कोणाकडे करायची ते लिहा, आणि तक्रार त्याच व्यक्तीविरुद्ध असेल तर दुसरा संपर्कही द्या. बऱ्याच प्रकल्पांत हेच राहून जातं.